तक्रारीचा पहिला टप्पा

जिंकली असती तर फेलीला मिळणार काय होतं? बढती नाही, पगारवाढ नाही. मिळणार होती तिचीच खुर्ची, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कक्षातली, आणि त्या खुर्चीबरोबर येणारी दुपारची सुट्टी. त्या सुट्टीत ती चालत घरी जायची, अर्धांगवायूनं पडलेल्या नवऱ्याला, विक्टोरला, कुशीवर वळवायची, चार घास भरवायची आणि परत येऊन शिक्के मारायला बसायची. लोक भांडतात ते काहीतरी जास्तीचं पदरात पडावं म्हणून. ही बाई आहे तेवढं टिकावं म्हणून उभी राहिली होती, आणि असल्या भांडणात जमेच्या बाजूला लिहायला काही नसतं. आमच्या कक्षातल्या हुशार मंडळींनी हे लगेच ओळखलं आणि आपापल्या फायलींत मान घातली.

बदली झाली होती समोरच्या बेटावरच्या उपकार्यालयात. होडी सोमवारी नेते आणि शुक्रवारी आणते, तेही समुद्राची मर्जी असेल तर. हुकमात कारण दिलेलं नव्हतं. कारण सगळ्यांना तोंडपाठ होतं: नगराध्यक्षांची भाची नुकतीच पदवीधर झाली होती आणि तिला पंख्याखालची जागा हवी होती.

आमची युनियन काही कागदावरची नव्हती. सरकारी नोकर म्हणून संपाला बंदी, पण करार होता, खुद्द नगराध्यक्षांच्या सहीचा. कारण दिल्याशिवाय बदली नाही, असं त्यात स्पष्ट होतं. तक्रार असली तर आधी आपल्या वरिष्ठांशी तोंडी बोलायचं, युनियनचा माणूस शेजारी बसवून. नाही पटलं तर दहा दिवसांत लेखी द्यायचं, त्याच माणसाच्या सहीनं.

युनियनचा माणूस म्हणजे अध्यक्ष मानोंग दांते; आमच्याकडे मानानं हाक मारायची तर पुरुषाला मानोंग, बाईला मानांग. दर खेपेला बिनविरोध, कारण गावात ज्याच्या घरी बाप्तिस्मा, त्याच्या घरी दांते. चर्चमध्ये बाळाशेजारी जो उभा राहतो तो बाळाच्या आईबापांचा जन्माचा कुमपारे होतो, बाई असली तर कुमारे. रक्ताच्या भावाशी वैर चालेल, कुमपारेशी नाही. आणि दांतेच्या शेंडेफळाला हातात धरून उभी राहिलेली नीनांग, म्हणजे धर्माची आई, कोण, तर आमच्या कक्षप्रमुख, मॅम व्हिओलेता.

"तुम्हाला अवघड जाईल, मानोंग," फेली म्हणाली. "दुसरं कुणीतरी द्या."

"दुसरं कोण? उपाध्यक्ष त्यांचा भाचेजावई. खजिनदाराचं लग्न त्यांनी लावून दिलं. त्यातल्या त्यात लांबचा मीच."

तर दोघं गेली. मॅमनी टेबलावर पान्सितचं मोठं ताट मांडून ठेवलेलं. "आधी खा. गार झालं की शेवयांची खळ होते." दांतेनं बशी घेतली आणि पंख्याचा वारा त्या बाजूला होता म्हणून मॅमच्या शेजारी जाऊन बसला. फेली समोर एकटी.

तिनं काट्याला हात लावला नाही. "मॅम, बदलीचं कारण लेखी हवंय मला. करारात तसं आहे."

"देते ना. त्याआधी माझं एक काम. नातवाचा बाप्तिस्मा आहे रविवारी. पोरगी पडली कुवेतला, त्याची आई म्हण, आजी म्हण, सगळं मीच. नीनांग म्हणून तू उभी राहा."

दांतेचा घास काट्यावरच राहिला.

बाहेरचा माणूस म्हणेल, सरळ नाही म्हणायचं. त्यानं येऊन म्हणून दाखवावं. बाळासाठी मागितलेला हात आमच्याकडे कुणी आखडता घेत नाही. घेतला, तर पुढं त्या बाळाला जे काही होईल ते आपल्या माथी. आणि बाळ तिथंच होतं, फायलींच्या कपाटाशेजारी पाळण्यात, आणि नेमकं त्याच वेळी शिंकलं.

"हे वेगळं आणि ते वेगळं, मॅम," फेली म्हणाली.

"वेगळंच आहे. म्हणून तर वेगळं विचारतेय."

फेलीनं पाळण्याकडं पाहिलं. "राहीन उभी."

"मग आता मॅम नको. कुमारे म्हण. आणि खा काहीतरी, वाळून चाललीस."

दांतेला श्रेय दिलं पाहिजे. बशी पुसून झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि बदलीचं कसं?"

"बघू की, कुमपारे. आता घरातलंच आहे."

रविवारी फेलीनं विक्टोरला शेजारणीच्या हवाली केलं, त्या शेजारणीचाच निळा झगा अंगात घातला आणि बाळाला पाण्यावर धरलं. फोटोत तिच्या शेजारी मेणबत्ती धरून उभी होती नगराध्यक्षांची भाची, गोड हसत. सोमवारी हुकूम होता तसाच होता.

फेलीनं लेखी तक्रार लिहिली आणि दांतेकडं नेली. "सही करा."

त्यानं कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उलगडला. "काल तू त्या लेकराला हातात धरलंस. सगळ्या गावानं पाहिलं. आणि आज ही तक्रार?"

"मी लेकराविरुद्ध तक्रार करत नाहीये."

"लोक तसंच म्हणतील."

"लोक विक्टोरला वळवायला येणार आहेत का?"

दांते वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलंय. "मानांग, पहिल्या टप्प्याचा अहवाल मॅमनी वर पाठवलाय. खेळीमेळीत चर्चा झाली म्हणून. त्याच्यावर माझी सही आहे."

"चर्चा कुठं झाली?"

"बसलो होतो ना आपण. आता बसलोच नव्हतो असं कसं म्हणू?"

तिनं सहीविनाच कागद वर दिला. तो सहीविना म्हणून परत आला. तिनं आम्हा सभासदांना विचारलं, कोण येतं माझ्याबरोबर. कुणी मुलाच्या परीक्षेत होतं, कुणाच्या कर्जाचा अर्ज मॅमच्या टेबलावर होता, आणि उरलेले म्हणाले, कुमारे-कुमारेंच्या मध्ये आम्ही कसं पडायचं. दहावा दिवस असाच, चहा पिता पिता गेला.

आता हिशेब. भाचीला पंखा मिळाला. मॅमना नातवासाठी नीनांग मिळाली. ती ख्रिसमसला न चुकता बेटावरची सुकी मासळी घेऊन येते आणि पोराला कडेवर घेते. दांते पुढच्या खेपेलाही बिनविरोध आला. करार आहे तसाच आहे, त्याला ओरखडासुद्धा नाही. फेली शुक्रवारी येते, सोमवारी जाते, आणि तिची तब्येत चांगली आहे असं ती सांगते.

विक्टोरला त्याच्या बहिणीकडं, डोंगरातल्या गावी नेऊन ठेवलंय. बहीण दिवसभर शेतावर असते; सकाळी ती ज्या कुशीवर ठेवून जाते, त्या कुशीवर तो संध्याकाळपर्यंत असतो. तो युनियनचा सभासद नव्हता, कुणाचा कुमपारे नव्हता, आणि पान्सितचा एक घासही त्याच्या तोंडात गेला नव्हता. किंमत भरतोय तो.