ताशी ऐंशी कॉलर

बांगलादेशातल्या गाजीपूरच्या एका शर्टांच्या कारखान्यात, चौथ्या मजल्यावरच्या सात नंबर लाइनीत मोर्शेदा अकरा वर्षं शर्टांना कॉलर लावत होती. कॉलर लागली की शर्ट डावीकडे सरकवायचा; तिथं जोहुरा त्याला बाह्या जोडायची. जोहुराला सातवा महिना लागला होता. कामाचे आणखी दहा दिवस भरले की तिची बाळंतपणाची पगारी रजा सुरू होणार होती. पण तेवढ्यात तिच्यापुढे शर्टांचा ढीग साचू लागला, तर लाइनचीफ तोफाज्जल तिच्याकडून राजीनाम्यावर सही घेणार, हे सगळ्या जणींना ठाऊक होतं. वर्षभरात दोघींना त्यानं असंच घरी बसवलं होतं. कागदोपत्री मात्र त्या स्वखुशीनं गेल्या होत्या.

नेमकं तेव्हाच नवं काम आलं. नवं काम आलं की घड्याळवाला साहेब येतो, कुठल्या शिवणीला किती सेकंद लागतात ते मोजतो आणि तासाला किती नग काढायचे ते ठरवतो. कॉलर सगळ्यात किचकट, म्हणून मोर्शेदाच्या सेकंदांवर अख्ख्या लाइनीचा आकडा ठरायचा. साहेब आला की हात जड करायचा, हा बायकांचा जुना रिवाज. भरलेली बॉबिन बदलायची, तुटलेला नसला तरी दोरा ओवायचा, शिवण उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघायची. आजवर त्यांनी आकडा पासष्टच्या वर जाऊ दिला नव्हता.

“आपा, माझं सगळं तुझ्या कॉलरवर आहे बघ,” जेवणाच्या सुट्टीत जोहुरा म्हणाली.

“तू फ्रॉक घालून हिंडत होतीस ना, तेव्हापासून मी या घड्याळवाल्यांना झुलवतेय,” मोर्शेदा म्हणाली आणि आपल्या डब्यातलं बटाट्याचं भरीत तिच्या भातावर वाढलं.

या वेळचा साहेब इश्तियाक नावाचा तरुण होता. तो ओरडला नाही. त्यानं मोर्शेदाला खाला, म्हणजे मावशी, म्हणून हाक मारली आणि विचारलं, कुठं दुखतं? अकरा वर्षांत त्या मजल्यावर हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं कंबर दाखवली, मान दाखवली. त्यानं तिचं बिनपाठीचं स्टूल बाजूला केलं आणि आपल्या केबिनमधली खुर्ची आणून दिली. दिवा खाली घेतला, पंखा तिच्याकडे वळवला. बासष्ट बायकांत शौचालयाला जायचं कार्ड एकच, त्यामुळे दुपारपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या मोर्शेदाला त्यानं ग्लासभर पाणी पाजलं आणि कार्डाशिवाय जाऊन यायला सांगितलं. मग म्हणाला, आता सावकाश, तुमच्या मनाप्रमाणे काम करा.

मोर्शेदा रिवाज विसरली असं नाही. तिनं बॉबिन बदललीसुद्धा, एकदा. पण पाठ टेकलेली, मानेवर वारा, शरीरात दुखतंय असं काही नाही. कधी नव्हे ते काम करताना तिला बरं वाटलं आणि हात आपले आपण धावले. वीस कॉलर लागल्यावर तिनं मान वळवली, तेव्हा जोहुरा तिच्याकडे पाहत होती.

एका कॉलरला एक्केचाळीस सेकंद. इश्तियाकनं शाबासकी दिली, आभार मानले आणि खुर्ची घेऊन गेला. खुर्ची त्याचीच होती, त्यालाही बसायला लागतच असणार.

सकाळी फळ्यावर आकडा होता ऐंशी. जोहुरानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मोर्शेदाला सोपं गेलं असतं. मोर्शेदा स्टुलावर बसून दुखऱ्या कंबरेनं कशीबशी ऐंशीला पोचत होती. जोहुराचं पोट टेबलाला अडत होतं, तिला सत्तरही होत नव्हते. जेवणाच्या सुट्टीत मोर्शेदा न जेवता इश्तियाकच्या केबिनशी जाऊन उभी राहिली.

“सर, ते मोजमाप खरं धरू नका.”

“असं कसं, खाला? मी तुम्हाला पळवलं नाही. सावकाशच करा म्हणालो होतो.”

“तुमच्या खुर्चीत बसून केलं ना मी. बासष्ट जणींना तशा खुर्च्या द्या, पाणी द्या, हवं तेव्हा जाऊ द्या. मग ऐंशी काय, नव्वद मागा.”

हेच त्यानं अहवालात लिहिलं होतं. त्यानं तो दाखवलाही. खुर्च्यांचा विचार पुढच्या वर्षी होणार होता. आकडा मात्र मोजमापाच्याच संध्याकाळी मंजूर झाला होता. हे सांगताना त्याची मान खाली गेली. माणूस पाजी असता तर तिला त्याचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

दुपारी तोफाज्जल जोहुराच्या ढिगाशी येऊन उभा राहिला. पोटातल्याला सांग, म्हणाला, आई दमली म्हणून मालाचं जहाज थांबत नाही. उद्या हीच गत दिसली तर कागद घेऊनच येईन, असंही ऐकवून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मोर्शेदानं हात जड केला. बोलायला सोपं आहे, पण दिवसभर हळू शिवणं हे भरभर शिवण्याहून कठीण. पाय पेडलवर पडला की हात धावायचे. शिवण वाकडी करावी तर तपासणीत माल परत येणार. शेवटी तिनं एक उपाय काढला. कॉलर झाली की दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर ठेवायचे, मनातल्या मनात कुराणातली कुलहुवल्लाहची छोटी सूरा सावकाश म्हणायची आणि मगच पुढचा शर्ट उचलायचा. नमाजाला वेळ नाही आणि वेळ काढायला सूरा, याबद्दल ती रोज अल्लाची माफी मागायची. पण हिशेब बरोबर बसला. तासाला पासष्ट.

आता ढीग तिच्या उजवीकडे चढायला लागला. जोहुरापुढे शर्ट साचेनात, तिचं टेबल स्वच्छ दिसू लागलं. तोफाज्जलचं तोंड मोर्शेदाकडे वळलं. साहेबापुढे बरी नाचलीस, आता काय झालं? म्हातारे, झोपायला येतेस का इथं? कंबर धरलीय भाई, एवढंच ती म्हणायची. कॉलरचा हात लगेच मिळत नाही, म्हणून तो तिला लगेच हलवत नव्हता, रोज चारचौघींत झापायचा आणि दुसऱ्या लाइनीतल्या एका पोरीला तिची जागा घ्यायला तयार करायचा. मोर्शेदाला ते दिसत होतं. जोहुराला सांगावं असं दहादा वाटलं. पण जोहुराच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत ते लाइनभर झालं असतं आणि तोफाज्जलपर्यंत गेलं असतं. ती दिवस मोजत राहिली.

रजेआधीच्या शेवटच्या दिवशी, सुटायच्या वेळी तोफाज्जलच्या टेबलावरून जोहुराच्या हातात रजेची चिठ्ठी पडली. त्याच टेबलावरून मोर्शेदाला दुसरा कागद मिळाला. उद्यापासून खाली दोरे कापायला, मदतनीस म्हणून, उभ्यानं. कारखान्यात आली तेव्हा ती तिथंच लागली होती.

जिन्याशी जोहुरानं तिला गाठलं. चिठ्ठीची घडी घालत ती बोलू लागली.

“आपा, तोफाज्जलभाईनं तुला असं करायला नको होतं. पण राग मानू नकोस, तुझा हात गेला गं. सगळ्या म्हणतात. डोळे तपासून घे एकदा, माझ्या सासूचं असंच झालं होतं.” मग ती म्हणाली, “त्या साहेबापुढे धावलीस, त्याचा मी राग धरला होता. आता सोडला. तुझं हे बघवत नाही.”

सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि मोर्शेदाच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं.

“घेते तपासून,” ती म्हणाली. “तू भिंतीच्या बाजूनं उतर. धक्के लागतात.”