शहाच्या पुढची चाल

उदयने खिशातली फ्लॉपी काढून सुतळीच्या गड्ड्यांवर ठेवली आणि लगेच उचलली. गोणपाटाची धूळ बसेल म्हणून शर्टाला पुसली. समोर हेमंत दाभणाने पोत्याचं तोंड शिवत होता. त्याने मान वर केली नाही.

"ये. पोत्यावरच बस," तो म्हणाला. "खुर्ची दादांची आहे."

अफझलगंजातल्या हेमंतच्या वडिलांच्या या दुकानात उदय वर्षाने पाय ठेवत होता. त्याआधी दोन वर्षं दोघे एका ताटात जेवले होते. बरकतपुऱ्यातल्या उदयच्या खोलीत हेमंतचा संगणक होता आणि त्यावर दोघे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहीत होते. उदय पुण्याचा, जात्याच उतावळा. त्याचं काम चालींच्या फांद्या छाटण्याचं. जी चाल पहिल्या नजरेला वाईट दिसेल, तिच्या पुढचं बघायचंच नाही, म्हणजे मशीन चटाचट खेळतं. हेमंतचं उलटं.

"राजाला शह बसतो तिथं घाई नक्को," तो म्हणायचा. "तिथं ठरल्यापेक्षा एक चाल पुढं बघायचं. घात तिथंच दडलेला असतो."

त्यासाठी त्याने एकच ओळ लिहिली होती. ओळ चोख होती, पण तिच्यापायी मशीन रेंगाळायचं.

मग तारनाक्याच्या एका सभागृहात सामना ठरला. समोर शहरातला मुरलेला खेळाडू, आणि पहिल्या रांगेत नव्यानेच आलेल्या एका परदेशी कंपनीची माणसं. प्रोग्रॅम आवडला तर दोघांनाही नोकरी, असं त्यांचं बोलणं होतं. मशीन रेंगाळलं तर चारचौघांत शोभा होईल, या धास्तीने उदयने त्या सकाळी हेमंतची ओळ बंद केली. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, एवढंच! चौतिसाव्या चालीला त्या खेळाडूने हत्ती पुढे फेकला. मशीनने तो हावरटासारखा खाल्ला, आणि शहामागून शह बसत मात झाली.

"फार खोल बघायच्या नादात फसलं का?" कंपनीतल्या एकाने विचारलं.

खोल बघायचा नाद कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उदय आपल्या बुटांकडे बघत राहिला. खोटं बोलायला तोंडच लागतं असं थोडंच आहे? नोकरी एकट्या उदयला मिळाली.

"काल मी ऑफिसच्या संगणकावर तो डाव पुन्हा लावला," उदय आता म्हणाला. "तुझी ओळ चालू करून."

दाभण थांबलं.

"मग?"

"मशीननं हत्ती खाल्ला नाही. त्या दिवशी ओळ बंद होती, हेमंत. मीच केली होती. वर्षभर मनाची समजूत घालत होतो, की चालू असती तरी हरलोच असतो. नसतो रे हरलो."

हेमंतने सुतळी ओढून गाठ मारली.

"ठाऊक आहे."

"काय?"

"हत्ती खायला मशीननं तीन सेकंद घेतले. माझी ओळ असती तर दोन मिनिटं तरी लागली असती. मी घड्याळाजवळच बसलो होतो की."

"मग तिथंच का नाही बोललास?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," हेमंत म्हणाला. "पंधरा-वीस दिवस थांबलो. मग थांबायचं सोडून दिलं."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, कानाखाली वाजवली असती तर त्याहून बरं. उदयला तिथून उठून पळावंसं वाटलं. तेवढ्यात हेमंतचे वडील, नामदेवराव, बाहेरून आले आणि त्याला बघून हरखले.

"अरे, उदयराव! या, या. मोठे साहेब झालात म्हणे." खुर्चीत टेकताच त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या या दिवट्यापायी तुमची मेहनत मातीत गेली बघा. तुमची माफी मागायची राहूनच गेली होती." आणि त्या म्हाताऱ्या माणसाने खरोखरच हात जोडले.

हेमंतने पहिल्यांदाच उदयकडे सरळ पाहिलं.

"काका, हात जोडू नका," उदय घाईघाईने म्हणाला. "चूक त्याची नव्हती. त्याचं काम बरोबर होतं. ते मीच बंद केलं होतं, आणि सगळ्यांसमोर गप्प बसलो."

नामदेवरावांचे हात तसेच जोडलेले राहिले. मग ते सावकाश सुटले.

"वर्षभर मी याला अकलेचा कांदा म्हणतोय," ते म्हणाले. "रोज. गिऱ्हाइकांसमोर."

उदयने फ्लॉपी पुढे केली. "आमच्या कंपनीत मी उद्याच बोलतो. हे घे, आपला प्रोग्रॅम आहे यात, पुन्हा सुरू करू आपण."

"मशीन मी विकलं. दिवाळीतच." तरीही हेमंतने फ्लॉपी घेतली आणि दाभणांच्या डब्यात जपून ठेवली.

नामदेवराव गुडघ्यांवर हात देत उठले. त्यांनी खुर्ची धोतराच्या सोग्याने पुसली आणि मुलाकडे सरकवली.

"बस बाबा," ते म्हणाले. "बस इथं."

हेमंतने दुसरं पोतं पुढ्यात ओढलं.

"नक्को, दादा," तो म्हणाला. "शिवायला आता खालीच बरं पडतं."