टेबलाखालचा वर्ग

मित्रांनो, मी एक जुने घडीचे टेबल आहे. जेवणाचे नव्हे आणि अभ्यासाचेही नव्हे. दुखऱ्या पाठीच्या माणसाला पालथे झोपवून मालिश करतात, ते. माझ्या एका टोकाला चेहऱ्याएवढे गोल भोक आहे, म्हणजे पालथ्या माणसाला सुखाने श्वास घेता येतो.

माझी उमेदीची वर्षे आखातातल्या एका शहरात, मिरकाब भागात, फरजानाबाईंच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेली. प्लांटवरचे फिटर, टॅक्सीचालक, सगळे कण्हत माझ्यावर चढत आणि हसत उतरत. "ये टेबल कभी शिकायत नहीं करता," असे त्या कौतुकाने म्हणत. मग विजेवर वरखाली होणारी टेबले आली आणि माझी घडी होऊन मी दाराआड गेले.

तेथून मला त्याच देशातल्या फहाहीलला, आपल्या घरी आणले शामलाताईंनी. त्या नर्स. त्यांचे यजमान हरीशराव मूळचे नाशिकचे, पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सुरक्षा इंजिनिअर. त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन करून आत वायूचा बुडबुडा सोडला होता. त्याने पडदा दाबून धरावा म्हणून डॉक्टरांनी बजावले होते, मान खालीच ठेवायची, नाहीतर त्या डोळ्याची आशा सोडा. म्हणून हरीशराव दिवसाचा बहुतेक वेळ माझ्यावर पालथे असत. चेहरा भोकात, नजर गालिच्यावर.

त्यांची मुलगी रसिका. तिची वकिलीची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली होती. पेपरात बहुतेक उतारेच, आणि सराव परीक्षांत तिची दांडी नेमकी उताऱ्यांवरच उडत होती. वाचायची झरझर, उत्तरे मात्र चुकायची. शामलाताई ड्यूटीवर गेल्या, की बाबांना सोबत म्हणून ती पुस्तक घेऊन माझ्याखाली मांडी घालून बसे. वर बाबांचा चेहरा, खाली तिचा.

"मोठ्यानं वाच," हरीशराव म्हणाले. उतारा संपल्यावर त्यांनी विचारले, "काय म्हणतोय हा? मराठीत सांग."

"व्हाय मराठी, बाबा? पेपर तर इंग्लिशमध्ये आहे."

"इंग्रजीत तू त्याचेच शब्द मला परत देतेस. तुला कळलंय का, ते मला कसं समजणार? मला तर पानही दिसत नाही."

उतारा समुद्रकाठी बांधायच्या भिंतीबद्दल होता. रसिका म्हणाली, "कोळी लोक भिंतीच्या विरोधात आहेत."

"असं लिहिलंय?"

"ऑब्व्हियस आहे ना! त्यांचं नुकसान होणार."

"ते तुझं मत झालं. त्यानं काय लिहिलंय?"

रसिका तडकून उठली. तिचे डोके माझ्या कडेवर आपटले. हरीशरावांना वळून पाहायचीही सोय नव्हती. ते खाली बघतच म्हणाले, "लागलं का गं? हे बघ, प्लांटवर 'व्हॉल्व्ह बंद ठेवा' आणि 'शक्यतो बंद ठेवा' यांत माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून शब्द न् शब्द वाचायची सवय मला. आता तेवढं तुझ्या डोळ्यांनी वाचायचंय."

 ती डोके चोळत पुन्हा खाली बसली आणि सावकाश वाचू लागली. मध्येच थांबली.

"बाबा, त्यांना भिंत हवीय! विरोध उशिराला आहे. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत काम संपवा, असं म्हणतायत ते."

"शाब्बास!" हरीशराव इतके मनापासून हसले, की माझे पाय हलले.

त्या दिवसापासून माझ्याखाली रोज वर्ग भरू लागला. 'काही', 'बहुधा', 'फक्त' असे बारके शब्द आले, की रसिकाचा आवाज आपोआप संथ होई. कधी मराठी शब्द अडे, मग बापलेक मिळून तो शोधत. मालिश तर कोणी करत नव्हते, तरी इतके मोलाचे काम मी आयुष्यात केले नव्हते.

हरीशरावांना मान वर करण्याची परवानगी मिळाली आणि वर्ग जेवणाच्या टेबलावर गेला. मी पुन्हा दाराआड. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण आतल्या गप्पा ऐकू येत होत्या. निकाल लागला. उताऱ्यांत रसिकाचे गुण भरघोस वाढले होते आणि पुण्याच्या कॉलेजात तिला जागा मिळाली. पडदाही जागेवर बसला. हरीशरावांना त्या डोळ्याने बारीक अक्षर अजून वाकडे दिसते, पण दिसते. शामलाताई माझ्यावर थाप मारून म्हणाल्या, "या टेबलानं घरातली दोन माणसं पास केली!" तेव्हा मी लाकडाचे नसते, तर फुलून गेले असते.

पुण्याला निघण्याआधी रसिकाने माझे स्क्रू आवळले आणि फाटलेल्या रेक्झिनला पट्टी लावली. इथल्याच सालमिया भागातल्या राजश्रीबाईंवर डोळ्याचे तसेच ऑपरेशन झाले आहे, त्यांच्याकडे मला पोचवायचे होते. आता मी त्यांच्या खिडकीपाशी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराआड घडी करून उभे केलेले कोणी असेल. त्याची धूळ पुसा, ढिले झालेले सांधे आवळा आणि ज्याला गरज आहे त्याच्या घरी पाठवा. म्हातारपण आम्हाला खुशाल येऊ द्या, फक्त बिनकामाचे ठेवू नका.