कमळाच्या काचेखालची कावीळ

सकाळी अकरालाच सभागृहासमोर जत्रा भरली होती. डिंभ्याकडल्या एका गावाने लग्नकार्यासाठी ते नवंकोरं बांधलं, आणि हौशीराम महाराज त्यात कावीळ उतरवायला बसले. आत जाणारा पिवळा, बाहेर येणारा काळ्या गॉगलात. नऊ दिवस डोळ्यांना ऊन दाखवायचं नाही, ही महाराजांची आज्ञा. गॉगल लावलेल्या गावातल्या सारजाबाई एसटी समजून दुधाच्या टेम्पोला हात करत होत्या.

सोपान बायकोला घेऊन रांगेत उभा होता. आरतीला पाचवा महिना, त्यात कावीळ. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजच ॲडमिट करा. गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतं." सोपानने शहाण्यासारखी मान डोलावली आणि गाडी इकडे वळवली. वर कहर म्हणजे समोरच्या भिंतीतलं पिवळ्या काचेचं भलंमोठं कमळ त्यानेच बसवलेलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला कारागीर, आता त्याच कमळापुढे चपला काढून हात जोडत होता.

दारं लागली, पडदे पडले. उजेड फक्त काचेतून.

"कावीळ म्हंजी पिवळा नाग!" महाराज गरजले. "कमळ त्याला चुंबकावानी वढून घेतं. सायन्सच हाय ह्ये! नजर हलवू नका!"

दहा मिनिटांनी त्यांनी आरतीची पापणी खाली ओढली. "बघ लेका, डोळं दुधावानी!"

सोपानने पाहिलं. खरंच पांढरे! त्याला रडूच फुटलं.

महाराजांनी ताट पुढे केलं. "कमळाला हळदीकुंकू लाव, पोरी."

आरतीचा हात ताटावर थबकला. "हळद कुठंय? ह्ये तर मीठ हाय."

"हळदच हाय ती."

तिने चिमूटभर जिभेवर ठेवली. तोंड वाकडं केलं. "अवं, हळदच की!"

सोपान चरकला. कमळाच्या काठाच्या काचपट्ट्या त्याने याच उजेडात निवडल्या होत्या. पांढऱ्या समजून सगळ्या पिवळ्या लावल्या आणि मग दोन दिवस उपटत बसला. पिवळ्या उजेडात पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं, हे अख्ख्या तालुक्यात कुणाला कळायला हवं होतं, तर या गाढवाला!

तो उठला आणि दाराकडे धावला.

"उघडू नको! ऊन लागलं तर नाग परत यील!"

"येऊ द्या. बघू तरी कुठून येतोय."

ऊन आत घुसलं. मीठ हळद झालं. आरतीचे डोळे लिंबासारखे पिवळे. बाहेरच्या एकीने नवऱ्याचा गॉगल ओढला. "आगं आई! ह्यांचं बी तसंच हायेत!"

"तुमची श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले.

"न्हाई महाराज, उजेड कमी पडला," म्हणत सोपानने आरतीला गाडीत बसवलं आणि थेट दवाखाना गाठला.

तीन आठवड्यांनी तिचे डोळे पांढरे झाले. तरी सोपानने रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. स्वतःच्या नजरेवर आता भरवसा नव्हता. वॉर्डात दिसेल त्याला तो न विचारता सांगायचा, "डोळं उन्हात बघा, रगात तपासा, डॉक्टरचं ऐका. कुणी चमत्कार दाखवला तर आदी दार उघडा. आमी उशिरा उघडलं."

"पुरं की आता," आरती वैतागली. "रोज तेच ऐकतीय मी."

"ऐकायला हायस," सोपान म्हणाला, "म्हणून तर सांगतोय."