नाल्यापलीकडची दवंडी

“सर, ज्यांना विचारलंच नाही, त्यांची संमती कशी धरायची? तुम्हीच शिकवलं होतं ना?”

सुनंदाने हे भर ग्रामसभेत विचारलं. अमळनेरच्या कॉलेजात ती माझी विद्यार्थिनी, आता राखीव जागेवरून आमच्या गावची सरपंच. सासरे समोर म्हणून ती सतरंजीवर बसली होती. तिच्या खुर्चीवर ठरावांचं रजिस्टर ठेवलं होतं.

ठराव सरळ होता. नाल्यापलीकडच्या गायरानातली भिलाटी, म्हणजे भिल्लांच्या सोळा झोपड्या, आठ दिवसांत उठवायची आणि तिथे सोसायटीचं गोदाम बांधायचं. सभेला भिलाटीतलं एकही माणूस नव्हतं.

मी अभिमन कोतवालाला विचारलं, “तिकडे सभेची दवंडी दिली नाहीस?”

“दवंडी नालापावत ऱ्हास, सर. बापना येळपासून.”

तो खोटं बोलत नव्हता. डफडं नाल्यापलीकडे न्यायचं असतं, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही, आणि मी राज्यशास्त्र शिकवतो.

उपसरपंच तोताराम आबा माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही शिकेल माणूस. ठराव कायदामा बसस का नही, तेवढं सांगा.”

आबा आमच्या संस्थेच्या संचालक मंडळावर. मी नऊ वर्षं हंगामी, आणि कायम होण्याची माझी फाईल त्यांच्याकडे पडून. वर्गात संमतीवर बोलताना मी असा तावातावाने बोलायचो, की मुलं लिहायची थांबत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

“कोरम पूर्ण आहे,” मी म्हणालो.

हात वर झाले. सुनंदाचा झाला नाही, तरी रजिस्टरात ‘एकमताने’ असंच लिहिलं गेलं. सासऱ्यांनी पेन पुढे केलं, तिने सही केली. माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपड्या उठवायची दवंडी द्यायला अभिमन निघाला, तसा मीही त्याच्या मागे गेलो. का गेलो, सांगता येत नाही. डफडं गळ्यात अडकवून तो पहिल्यांदाच नाला उतरला. आवाज ऐकून झोपड्यांतून माणसं बाहेर आली. सगळ्यांत म्हातारी धुरपदाबाई मला बघून हसली, आपल्याकडेही दवंडी आल्याच्या अप्रुपाने.

“सर, आज आमना आठे बी दवंडी उनी.”

तिने पोरंसोरं गप्प केली, कुत्रं हाकललं आणि सगळ्यांना जमिनीवर नीट रांगेत बसवलं. मग पदर सावरून तीही बसली, ऐकायला.