बुडख्यावरची दोन अक्षरं

आमच्या तलवार अभ्यास मंडळात सात सभासद आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजवर कुणावर तलवार उगारलेली नाही. आम्ही ती फक्त बघतो. महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, गावच्या सार्वजनिक सभागृहातल्या तातामी चटयांच्या खोलीत. आमच्या या बिझेन भागात एके काळी घरटी एक लोहार होता म्हणतात. आता घरटी एक तज्ज्ञ आहे.

पद्धत ठरलेली. पांढऱ्या कापडावर पाती मांडायची. मुठी काढून ठेवायच्या. मुठीत लपणारा जो बुडखा, ज्यावर लोहार आपलं नाव कोरतो, तो पिशवीत झाकायचा. मग एकेकाने वाकून नमस्कार करायचा, पातं उचलायचं, पोलादाचा पोत बघायचा, धारेलगतचं पाणी बघायचं आणि लोहार कोण असेल ते चिठ्ठीवर लिहायचं. बोलायचं नाही, कारण पात्यावर थुंकी उडते. आमच्यातले काही लोक महिन्यातून तेवढा एकच तास गप्प असतात. चिठ्ठ्या तपासतात आमचे गुरू, आकागी सेन्सेई. वय एक्क्याऐंशी, निवृत्त दंतवैद्य. समोरचं पातं आ वासून बसलंय अशा नजरेने ते अजूनही बघतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कुराशिगेसाननी घरची तलवार आणली. कुराशिगेसान म्हणजे पुलाजवळचे टोफूवाले, वय सहासष्ट. चौदा वर्षं मंडळात येत होते, पण आपली तलवार आणायला लाजत होते. आता आणली ती वडिलांमुळे. वडील चौऱ्याण्णव वर्षांचे, वृद्धाश्रमात असतात, डोळे गेलेले. युद्ध हरल्यावर परके सैनिक गावोगाव तलवारी गोळा करत फिरत होते, तेव्हा आजोबांनी ही तलवार मूठ काढून सोयाबीनच्या पोत्यांखाली लपवली. ती जागेवर आहे ना, हे रोज बघायचं काम पंधरा वर्षांच्या वडिलांकडे होतं. पोतं उचलायची सोय नव्हती. ते हात आत घालायचे आणि बुडख्यावरची दोन अक्षरं अंगठ्याने चाचपायचे. मोरि. चिका. ती लागली की जेवायला बसायचं.

"बाबा म्हणतात, मरायच्या आधी एकदा खरेपणाचा कागद आण," कुराशिगेसान म्हणाले. "आपल्या बापाने जीव धोक्यात घातला तो खऱ्या नावासाठी की खोट्या, तेवढं त्यांना कळून घ्यायचंय."

सातांपैकी सहा चिठ्ठ्यांवर मोरिचिका या जुन्या, नामवंत लोहाराचं नाव होतं. सेन्सेईंनीही मनात तेच धरलं होतं. सातवी चिठ्ठी कुराशिगेसानची. ती त्यांनी सचोटीने कोरी ठेवली होती.

मग पिशवी काढली. बुडख्यावर लिहिलेलं होतं: मोरिचिका.

"नाव आहे होय?" सेन्सेई जरा नाराजीनेच म्हणाले.

"दुसऱ्या अक्षराचा शेवटचा फराटा बघा," पोस्टातून निवृत्त झालेल्या मियाकेबाई पुढे सरसावल्या. "घाबरत घाबरत मारलाय. सह्या ओळखण्यात जन्म गेला माझा."

"फारच नीटनेटकं आहे."

"मोठ्या लोहाराला इतकं नीट लिहायला वेळ कुठला?"

पाच मिनिटांपूर्वी या सगळ्यांनी हेच नाव आपापल्या हस्ताक्षरात लिहिलं होतं. मीही लिहिलं होतं. पण झाकलेलं नाव ओळखणं हे ज्ञान; उघड्या नावावर विश्वास ठेवणं हा भोळेपणा. तरीही तलवार राजधानीतल्या परीक्षकांकडे गेली आणि चार महिन्यांनी परत आली. सोबत एक ओळ: नाव संशयास्पद.

आता आमच्यातला नियम असा, की खोटं नाव असलेल्या पात्याला कागद मिळत नाही, मग पातं कितीही चांगलं असो. नाव नसलेल्याला मिळतो. म्हणून लोक नाव कानशीने घासून टाकतात आणि पातं पुन्हा पाठवतात.

"किडलेला दात," सेन्सेई म्हणाले. "काढून टाका. हिरडी निरोगी आहे."

"पण एकदा काढला की..."

"कुराशिगेसान, कवळी बसवायची नाहीये आपल्याला."

सगळे हसले. कुराशिगेसानही हसले, मग माझ्याकडे वळले. "मितानीसान, तुम्ही शाळेत इतिहास शिकवता. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "सेन्सेई म्हणतात त्यात तथ्य आहे."

हे वाक्य मी शिक्षकांच्या बैठकांत सत्तावीस वर्षं वापरतोय. त्याने आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

शेजारच्या गावात मुठी आणि म्यानं करणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे आम्ही दोघे गेलो. कानस लावण्याआधी मी बुडख्यावर पातळ कागद धरून शाईच्या वडीने नावाचा ठसा घेतला. बुडखा काळा, दोन अक्षरं पांढरी. सुरेख उठली.

"नक्की ना?" कारागिराने विचारलं. "नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत."

कुराशिगेसाननी माझ्याकडे बघितलं. मी ठसा वाळतोय का ते बघत होतो.

"घासा," ते म्हणाले.

सोयाबीनच्या पोत्यांखाली तगलेलं नाव चहा गार होईपर्यंतही टिकलं नाही. त्यावर कारागिराने बेमालूम गंज चढवला. म्हणाला, "बघा, कधी काही होतं असं वाटतं का?" खरंच वाटत नव्हतं. घरी निघताना कुराशिगेसान म्हणाले, "तो ठसा तुमच्याकडेच ठेवा. माझ्याने बघवत नाही."

या वर्षी जूनमध्ये कागद आला. सेन्सेईंनी चष्मा लावून उभ्याने वाचला. "नाव: नाही. काम," इथे त्यांनी मुद्दाम श्वास घेतला, "मोरिचिकाचं."

टाळ्या पडल्या. मियाकेबाईंनी मोचीचा, तांदळाच्या गोड वड्यांचा, डबा उघडला. "मी म्हटलं नव्हतं?" सेन्सेई म्हणाले, आणि ते खरंही होतं. त्यांनी सगळंच म्हटलं होतं.

कुराशिगेसान कागद हातात धरून बसले होते. "सेन्सेई, एक विचारू? मग ते नाव?"

"ते खोटं होतं."

"पण ते मोरिचिकाच म्हणत होतं."

"हो. खोटं, पण बरोबर."

"आणि आता ते परत..."

"आता परत कोरलंत तर ते खरोखरच खोटं होईल. मोची घ्या."

त्यांनी मोची घेतली. कितीतरी वेळ ती त्यांच्या हातात तशीच होती.

ओबोनला आमच्याकडे पूर्वज घरी येतात. वृद्धाश्रमवालेही त्या दिवशी आपल्याकडच्यांना सोडतात. कुराशिगेसाननी मला दुपारी बोलावून घेतलं. "तुम्ही नुसते बसा हो. कागद वाचून दाखवतो आणि विषय संपवतो."

वडील देव्हाऱ्यासमोर उशीला टेकून बसले होते, हातातला पंखा हलवत. मुलाने कागद वाचला. "काम मोरिचिकाचं" हे दोनदा वाचलं. "नाव: नाही" एकदाही वाचलं नाही.

म्हाताऱ्याचा पंखा थांबला. "खरं होतं म्हणजे."

"हो बाबा."

"माझा बाप उगाच नाही मरायला निघाला."

"नाही बाबा."

पंखा पुन्हा हलू लागला. बाहेर झाडांवर सिकाडा किडे किरकिरत होते. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात म्हाताऱ्याने हात पुढे केला. "आण."

"आता कशाला बाबा? दमलात..."

"अरे आण म्हणतो ना! तुला काय टोफू मागतोय?"

नाही म्हणायला कारण सापडेना. पातं म्यानातच ठेवून फक्त मूठ काढायची होती, तिची बांबूची खुंटी काढायला कुराशिगेसानना नेहमी एक क्षण लागायचा. त्या दिवशी त्यांनी पुरती पाच मिनिटं लावली. मग बुडखा वडिलांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा खुंटीच्या भोकापाशी आपोआप पोचला, तिथून खाली सरकला, थांबला, पुन्हा वर गेला.

"उलटी बाजू दिलीस रे."

कुराशिगेसाननी तलवार फिरवून दिली. अंगठा पुन्हा भोकापासून निघाला आणि टोकाला पोचला.

"ही पण उलटीच." म्हातारा हसला. "ऐकलंत का मास्तर? साठी उलटली, तरी याला डावं-उजवं कळत नाही."

कुराशिगेसान माझ्याकडे बघत होते. तसंच, जसं मंडळात बघितलं होतं, कारागिराकडे बघितलं होतं.

"तुम्हाला दिसतंय ना?" म्हाताऱ्याने मला विचारलं. "नाव कुठल्या बाजूला आहे?"

नाव माझ्या खिशात होतं, पातळ कागदावर, चार घड्या घालून. अंगठ्याला लागेल असं त्यात काही नव्हतं.

"दुसऱ्या," मी म्हणालो.

कुराशिगेसाननी तलवार तिसऱ्यांदा फिरवली.