वजा केलेला उजेड

हर्मिनिया आयाविरे ते पत्र तिसऱ्यांदा वाचत होती. विज्ञान-छायाचित्र स्पर्धेच्या आयोजकांनी मोठ्या सौजन्याने कळवले होते: 'आपल्या आकाशगंगेच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात पिवळसर डाग आहे. हा तांत्रिक दोष काढून आज चारपर्यंत चित्र पुन्हा पाठवावे. अन्यथा प्रवेशिका बाद.'

दोष! वाळवंटातल्या कालामा गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवता शिकवता अकरा वर्षे ती एकाच टेकडीवरून, एकाच दिशेचे आकाश टिपत आली होती. डाग दरवर्षी रुंदावत होता, कारण त्याच्याखाली तांब्याची खाण होती आणि खाणीचे दिवे होते. स्पर्धेची बक्षिसेही त्या खाणीच्याच पैशांची. प्रदर्शन राजधानीत भरणार होते. तिथल्या लोकांनी तो डाग पाहावा, एवढ्याचसाठी तिने चित्र पाठवले होते.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली. साडेतीन.

"पुसून टाका की, कोमाद्रे," पावावर आव्होकाडो चोपडत रोसेंदो म्हणाला. तो खाणीतला वायरमन. त्याच्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. "लग्नाच्या फोटोत नवरीची पुटकुळी नाही पुसत?"

"तुमच्या मालकांची पुटकुळी साठ किलोमीटरवरून दिसते, कोम्पाद्रे."

"मालकांना काय बोलता? दिवे मी लावतो तिथं."

"काय दिवे लावलेत, ते दिसतंयच."

तिने प्रोग्राम चालवला. त्याने कोपऱ्यातला उजेड मोजला, वजा केला आणि एक आज्ञाधारक, काळेभोर आकाश समोर ठेवले. मग यंत्राच्या निर्विकारपणे विचारले: वजा केलेला भाग जतन करायचा?

तिने 'हो' म्हटले. पडद्यावर एकही तारा नव्हता. कोपऱ्यातून वर चढत गेलेला नुसता पिवळा उजेड.

"हे काय? जे पुसलं तेच पाठवणार?"

"त्यांनी दोष वेगळा काढायला सांगितला. काढला."

"बाद करतील!"

"करतील."

अर्जात 'प्रकाशस्रोत' असा रकाना होता. तिथे लोक तेजोमेघांची नावे लिहितात. तिने खाणीचे नाव लिहिले आणि थबकली. नुसते नाव हा आरोप झाला असता. मापनाला आकडा लागतो. पावणेचार.

"दिवे किती आहेत, कोम्पाद्रे?"

रोसेंदोने घास गिळला. टोपी काढली, उलटीसुलटी फिरवली, पुन्हा घातली. दाराकडे पाहिले.

"मला विचारू नका."

 तिची बोटे मेजावर वाजत होती.

"चार हजार दोनशे अठरा," तो अखेर म्हणाला. "आणि माझं नाव कुठं आलं, तर पोरीची शप्पथ, परत तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही."

तिने आकडा लिहिला आणि पाठवण्याची कळ दाबली.